साखळ्या कोणीं सोडल्या?



टोनी रोबेर-फ्लरी या फ्रेंच चित्रकारानें १८७६ सालीं रंगविलेलें एक मोठें चित्र प्रसिद्ध आहे. स्थळ पॅरिसमधील साल्पेत्रियेर रुग्णालयाचें आवार. मध्यभागीं एक तरुणी भान हरपून उभी आहे; एक माणूस तिच्या कमरेचें बंधन सोडवीत आहे; शेजारीं एक स्त्री डॉक्टर फिलिप पिनेल यांच्या हाताचें चुंबन घेत आहे. पाहणाऱ्याची दृष्टि साहजिकच डॉक्टरांवर खिळते. बंधन सोडविणाऱ्याकडे कोणी फारसें पाहत नाहीं.

फ्रेंच राज्यक्रांति शिकवितांना मीहि वर्षानुवर्षें मुलांना अशीच एक गोष्ट रंगवून सांगत असें: १७९३ सालीं डॉ. पिनेल बिसेत्रच्या वेड्यांच्या विभागांत आले आणि त्यांनीं वेड्यांच्या साखळ्या तोडल्या. मुलें तल्लीन होत. सांगतांना मलाहि भरून येई. ती गोष्ट तशी घडलेली नव्हती.

पॅरिसच्या दक्षिणेस असलेलें बिसेत्र म्हणजे रुग्णालय, निराधारांचा आश्रय आणि तुरुंग, सर्व एकाच कुंपणांत. १७४५ सालीं जन्मलेला ज्याँ-बातिस्त प्युसँ हा कातडीं कमावणारा कारागीर गंडमाळेनें आजारी होऊन तेथें दाखल झाला. पुढें तो तेथेंच राहिला, कामें करूं लागला आणि १७८५ च्या सुमारास असाध्य समजल्या जाणाऱ्या वेड्यांच्या विभागाचा व्यवस्थापक झाला. वैद्यकाचें शिक्षण नाहीं, पदवी नाहीं. आपण स्वतः तेथें रोगी म्हणून पडलों होतों, एवढीच त्याची पात्रता. आणि माझ्या मतें ती लहान नव्हे.

त्याचा सर्वांत कडक नियम रोग्यांसाठीं नव्हता, नोकरांसाठीं होता. रोग्यानें हात उगारला तरी उलट मारावयाचें नाहीं! नोकर बिथरले. अशानें आमच्या जिवाची शाश्वती काय, अशी त्यांची तक्रार. आणि ती अगदींच खोटी म्हणतां येणार नाहीं. प्युसँनें कित्येकांना कामावरून काढलें व बरे होत आलेल्या रोग्यांतूनच नवे सेवक निवडले. त्याची पत्नी मार्गरीत त्याच्या बरोबरीनें राबे.

या बाईंची एक हकीकत पिनेल यांनीं आपल्या १८०१ च्या ग्रंथांत नोंदविली आहे. तीन रोगी होते आणि प्रत्येकजण स्वतःस सोळावा लुई समजे. राजपदावरून तिघांत कडाक्याचें भांडण जुंपलें. बाईंनीं एकास बाजूला घेतलें आणि गंभीर चेहऱ्यानें विचारलें कीं, या उघड उघड वेड्यांशीं आपण कशास वाद घालतां, खरे राजे आपणच हें कोणास ठाऊक नाहीं? महाराज संतुष्ट होऊन ऐटींत निघून गेले. दुसऱ्यासहि तीच मात्रा लागू पडली. तिसऱ्यास भांडावयास कोणी उरलें नाहीं.

मात्र या दांपत्यास संत ठरविण्याची घाई नको. धर्मवेडानें अन्न सोडलेल्या एका तरुणाच्या कोठडीच्या दाराशीं प्युसँ एके रात्रीं आग ओकणाऱ्या डोळ्यांनीं उभा राहिला. बरोबरचे नोकर साखळ्या खळखळवीत होते. समोर सूप ठेवून, रात्रींत तें न घेतल्यास भयंकर शिक्षा होईल, अशी धमकी त्यानें दिली. पुष्कळ घालमेलीनंतर तरुणानें तें घेतलें, आणि पुढें तो सुधारला. प्रहार नाहीं, पण भय आहे. हा प्रसंग वाचून मला आमच्या शाळांतील टेबलावर ठेवलेली, न वापरलेली छडी आठवली.

साखळी ही मुळांत पहारेकऱ्याची सोय. बांधलेल्या माणसाजवळ रात्रीं जागावें लागत नाहीं. त्याचा राग कोणत्या वेळीं चढतो, कोणत्या बोलण्यानें उतरतो, हें ठाऊक असावें लागत नाहीं. साखळी काढली कीं हें सर्व काम माणसांच्या अंगावर येतें. म्हणून प्युसँनें आधीं माणसें बदललीं, आणि साखळ्या नंतर काढल्या.

त्या केव्हां काढल्या? १७९७ मध्यें. पिनेल तर १७९५ मध्येंच बिसेत्र सोडून साल्पेत्रियेरला गेले होते! अत्यंत बेफाम रोग्यास आतां लांब बाह्यांचा जाड कापडी अंगरखा घालीत. तेंहि बंधनच, पण लोखंडी नव्हे. पिनेल यांचें मोठेपण निराळें. पदवीधर वैद्य असून त्यांनीं या कारागिराचें पाहून शिकावयास कमीपणा मानला नाहीं, आपल्या ग्रंथांत त्याचा गौरव केला, आणि १८०२ मध्यें त्यास साल्पेत्रियेरला आणविलें. तेथील स्त्रियांच्या साखळ्या त्यानंतर निघाल्या. १८११ मध्यें प्युसँ वारला. साखळ्या तोडणाऱ्या डॉक्टरांची नाट्यमय कथा नंतरची. पिनेल यांचे चिरंजीव सिपियों यांनीं १८३६ च्या सुमारास ती विशेष सजविली.

दूर देशाची जुनी गोष्ट म्हणून हें सोडून देतां येत नाहीं. तामिळनाडूंतील एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहांटे मनोरुग्णांच्या एका खासगी निवाऱ्यास आग लागली. रोगी साखळ्यांनीं बांधलेले होते. पळतां न आल्यानें अठ्ठावीस जण प्राणांस मुकले. आपल्या देशांतील २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मनोरुग्णास कोणत्याहि स्वरूपांत साखळीनें बांधण्यास मनाई केली आहे.

प्युसँनें १७९७ मध्यें आपल्या विभागाविषयीं लिहिलेलें टिपण डोरा वायनर या विदुषींनीं १९७९ मध्यें प्रकाशांत आणलें. म्हणजे मी फळ्यासमोर उभा राहून ती पिनेलची गोष्ट सांगूं लागलों, त्याच्या आधींच. मला मात्र तें कळावयास निवृत्त व्हावें लागलें.