गडचिरोली शोधलं, सापडला 'चांदा'

मामाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कॅबमध्ये होतो. "पोरा, जुना कागद पायजे. सायबानं लिवलेला."

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या गावात वनहक्काचे दावे भरणं चालू होतं. आम्ही आदिवासी नाही. २००६च्या कायद्यानुसार अशा कुटुंबांना १३ डिसेंबर २००५च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, आपण जंगलात राहून जंगलावर जगतोय हे दाखवावं लागतं. हिशेब १९३०पर्यंत मागे जातो. तेव्हाचा कागद आमच्या घरात कुठला असायला? पण नियमांत गॅझेटियर आणि बंदोबस्ताचे अहवालही पुरावा म्हणून चालतात.

रात्री एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा ऑनलाइन कॅटलॉग उघडून 'गडचिरोली' टाईप केलं. आलं ते सगळं अलीकडचं. साहजिकच, जिल्हाच १९८२ सालचा! 'चंद्रपूर' टाकूनही तेच. रोज सर्च क्वेरी लिहिणाऱ्या माणसाला हे कळायला अर्धा तास लागला, की कॅटलॉग तुमच्या मनातलं ओळखत नाही, पुस्तकावर छापलेलं नाव तेवढं ओळखतो. आणि साहेबाच्या पुस्तकांवर छापलंय 'चांदा', 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस'.

हे शब्द टाकले आणि रांगच लागली. मेजर ल्युसी स्मिथचा १८६९चा जमीन बंदोबस्ताचा अहवाल, ग्रँटचं १८७०चं गॅझेटियर, १९०९चं चांदा जिल्ह्याचं गॅझेटियर. (सिरोंचाकडचं काही हवं असेल तर 'अपर गोदावरी' टाकून बघा, चांद्याला जोडण्याआधी तो भाग त्या जिल्ह्यात होता.) वाचताना मात्र सावध राहावं लागतं. २१ ऑक्टोबर १८५८ला चांद्यात फासावर गेलेले बाबूराव शेडमाके या साहेबांच्या लेखी बंडखोर.

आमच्या गावाचं नाव कुठेच नव्हतं. पण अहेरी, रांगी, मुरूमगाव अशा जमीनदाऱ्यांची माहिती वाचता वाचता आमचा मुलूख कोणत्या जमीनदारीत मोडायचा ते लागलं. त्या नावावरून रेकॉर्ड रूममध्ये जुनी मिसल शोधता येईल. मी उत्साहानं मामाला फोन केला.

"जमीनदारीचं नाव?" मामा हसला. "ते तं शेजारची बुढी बी सांगते."

मग लक्षात आलं, दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही त्याच नियमांत पुरावा आहे. मी तिकीट काढलं. बुढीला ऐकू कमी येतं, म्हणून रेकॉर्डिंगसाठी मामाला फोन चार्ज करून ठेवायला सांगितलंय.