उपग्रहाधारित वनाच्छादन मापन (भारत)

उपग्रहाधारित वनाच्छादन मापन ही कृत्रिम उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमांवरून देशातील वृक्षाच्छादित भूमीचे क्षेत्र ठरविण्याची पद्धत होय. भारतात हे काम देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही केंद्र शासनाची संस्था करते. तिची स्थापना १ जून १९८१ रोजी झाली. संस्थेचा अहवाल साधारणपणे दर दोन वर्षांनी प्रसिद्ध होतो.

पार्श्वभूमी

पूर्वी वनखात्याच्या दप्तरी नोंदलेली जमीन म्हणजेच जंगल, असे धरून चालत असत. त्या जमिनीवर झाडे उरली आहेत की नाहीत, हे दप्तरावरून कळत नसे. हैदराबाद येथील राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने १९७२-७५ आणि १९८०-८२ या दोन कालखंडांतील प्रतिमांची तुलना केली, तेव्हा जंगल सुमारे ५.५५ कोटी हेक्टरांवरून ४.६३ कोटी हेक्टरांवर आल्याचे दिसले. वन सर्वेक्षणाच्या १९८७ च्या पहिल्या अहवालात मात्र ६,४०,८१९ चौ. किमी. (सुमारे ६.४ कोटी हेक्टर) इतके वनाच्छादन नोंदले गेले. प्रतिमा साधारण त्याच काळातील होत्या. त्यांचा अर्थ लावण्याची रीत वेगळी होती.

पद्धती

हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. या फरकावरून वनस्पती ओळखता येतात. छद्मवर्णी प्रतिमेत जंगल लाल दिसते ते यामुळेच. पावसाळ्यातील ढग टाळण्यासाठी आणि पानगळीपूर्वीची स्थिती मिळावी म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतील प्रतिमांना प्राधान्य दिले जाते. शंकास्पद ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करतात.

झाडांच्या शेंड्यांनी जमिनीचा जेवढा भाग झाकला जातो, त्याला छत्रघनता म्हणतात. ती ७० टक्के वा अधिक असल्यास अतिघन, ४० ते ७० टक्के असल्यास मध्यम घन आणि १० ते ४० टक्के असल्यास विरळ वन मानले जाते. त्याहून कमी घनतेची भूमी झुडपी ठरते व वनाच्छादनात धरली जात नाही.

आकडे वाचताना

पहिल्या अहवालासाठी अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाच्या सुमारे ८० मीटर विभेदनाच्या प्रतिमा वापरल्या होत्या. पुढे भारतीय उपग्रहांवरील लिस-३ संवेदकाने हे विभेदन २३.५ मीटरांवर आणले. १९९९ च्या अहवालात ६,३७,२९३ चौ. किमी. असलेले वनाच्छादन २००१ मध्ये ६,७५,५३८ चौ. किमी. झाले. दोन वर्षांत अडतीस हजार चौरस किलोमीटर जंगल उगवत नाही. या अहवालापासून संगणकीय विश्लेषण देशभर लागू झाले आणि नोंदीस पात्र तुकड्याची किमान मर्यादा २५ हेक्टरांवरून १ हेक्टरावर आली. पूर्वी सुटलेले लहान तुकडे त्यामुळे मोजले गेले. म्हणून वेगवेगळ्या पद्धतींच्या अहवालांतील आकड्यांची सरळ वजाबाकी करणे फसवे ठरते.

आक्षेप

सर्वांत मोठा आक्षेप व्याख्येवर आहे. १ हेक्टर वा अधिक क्षेत्रावर १० टक्के छत्र असले, की जमीन कोणाचीही असो आणि झाडे कोणतीही असोत, ती वनाच्छादनात येते. त्यामुळे कोकणातील आंबा-काजूच्या बागा आणि सह्याद्रीतील सदाहरित राई एकाच बेरजेत पडू शकतात. नैसर्गिक जंगल तुटले आणि अन्यत्र लागवड वाढली, तरी एकूण आकडा जागचा हलत नाही. उलट, दख्खनच्या पठारावरील माळराने, जिथे लांडगा आणि माळढोक यांचे वास्तव्य असते, वृक्षविरळ असल्याने या मापनात जवळजवळ अदृश्य राहतात. या माळांचे रक्षण व्हावे असे वाटणाऱ्यांना ही गोष्ट विशेष खुपते.

२०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्राचे वनाच्छादन ५०,७९८ चौ. किमी., म्हणजे राज्याच्या क्षेत्रफळाच्या १६.५१ टक्के होते. २०२३ च्या अहवालात देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौ. किमी. (२१.७६ टक्के) दिले आहे.

वणव्यांची सूचना

२००४ पासून मोडिस या संवेदकाच्या साहाय्याने वणव्यांची ठिकाणे शोधून राज्यांच्या वनखात्यांना कळविली जातात. नंतर जोडलेल्या व्हिर्स संवेदकाचे विभेदन ३७५ मीटर असल्याने लहान आगीही टिपता येतात.