चहाचं आधण

"आमच्याकडे चहा असाच लागतो" हे वाक्य मराठी घरांत ज्या ठामपणे म्हटलं जातं, तेवढ्या ठामपणे आता कुळाचारही कुणी सांगत नाही. कुणी पाण्याबरोबरच साखर टाकतं, कुणी उकळी फुटल्यावर. कुणाला पूड टाकल्याबरोबर गॅस बंद करून वर झाकण हवं, तर कुणाला चांगला पाच मिनिटं खळखळल्याशिवाय 'चहा झाला' असं वाटतच नाही. कुणी दूध वेगळं तापवून वरून घालतं. सायीचा एक तंतू दिसला तरी तोंड वाकडं करणारे एका घरात, आणि सायीसकट मागणारे शेजारच्याच घरात.

माझं म्हणाल तर आधणात ठेचलेलं आलं, गवती चहाच्या दोन पाती आणि साखर. उकळी आली की पूड, आणखी एक उकळी, मग दूध, आणि मग उतू जाता जाता वाचवलेली शेवटची उकळी. आलं दुधाच्या आधीच उकळून घ्यायचं, कारण कच्च्या आल्यातल्या एन्झाइममुळे दूध फाटतं आणि उकळल्यावर ते एन्झाइम निकामी होतं. हे एन्झाइमचं प्रकरण मी पुष्कळ नंतर वाचलं. घरात नुसतं "आधी दूध घालू नकोस, फाटेल" एवढंच सांगितलं जायचं आणि तेवढं पुरायचं.

आता गंमत अशी की जगातल्या चहाच्या जाणकारांपुढे ही कृती ठेवली तर ते कपाळाला हात लावतील. पत्ती उकळायची? दुधात? त्यांच्या मते चहा मुरवायचा असतो. ब्रिटिशांनी तर १९८० मध्ये चहा कसा तयार करावा याचं अधिकृत मानकच काढलं. दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, चिनी मातीचं भांडं, सहा मिनिटं मुरवणे. (ते मानक वेगवेगळ्या चहांची चव ताडून बघणाऱ्यांसाठी आहे, घरी पिणाऱ्यांसाठी नाही. तरीही सहा पानी मानक काढल्याबद्दल त्यांना १९९९ साली विनोदी संशोधनासाठीचं 'इग नोबेल' मिळालंच.) त्याच्या कितीतरी आधी, १२ जानेवारी १९४६ ला, जॉर्ज ऑर्वेलने लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये चांगल्या चहाचे अकरा नियम लिहिले होते. किटली आधी गरम करा, चहा कडक हवा, दूध नंतर घाला, साखर अजिबात नको. युद्ध संपलं होतं तरी इंग्लंडात चहा रेशनवरच होता, त्यामुळे एकेका पत्तीबद्दलची त्याची तळमळ समजू शकते. हा ऑर्वेल जन्मला बिहारमधल्या मोतीहारीला, १९०३ साली. वडील सरकारी अफू खात्यात होते. आणि भारतातली अफू चीनमध्ये खपवून त्या पैशावर चिनी चहा विकत घ्यायचा, हा इंग्रजांचा जुना व्यापार. असो, तो वेगळाच विषय आहे.

सांगायचा मुद्दा असा की आपण एक गोष्ट नेहमी ऐकतो, की चहा इंग्रजांनी आणला, त्यांनी तो कसा करायचा ते शिकवलं आणि आपण दूध-साखर-मसाला घालून त्याची वाट लावली. ही गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि तिचा राहिलेला अर्धा भाग मला जास्त आवडतो.

१६८९ च्या सुमारास जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेला आला. शिवाजी महाराजांच्या दुसऱ्या सुरत-स्वारीला तेव्हा सुमारे वीस वर्षं झाली होती. त्याने पुढे १६९६ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात सुरतेच्या लोकांच्या चहाबद्दल लिहिलंय. तिथले बनिया व्यापारी चहा पीत होते, आणि तो गरम मसाल्याचे पदार्थ घालून पाण्यात उकळून घेत होते. डोकेदुखीवर, पोटातल्या कळांवर तो चांगला असं मानत. बरोबर खडीसाखर किंवा मुरवलेलं लिंबूही घेत. पत्ती अर्थात चीनहून समुद्रमार्गे आलेली. आसामात चहाचं झाड रॉबर्ट ब्रूसच्या नजरेला पडायला (सिंगफो लोक ते आधीपासून वापरतच होते) १८२३ साल उजाडायचं होतं. सुरतेचा तो चहा आणि माझ्या पातेल्यातला चहा यांच्यात सलग धागा आहे असं मी म्हणणार नाही. पण एवढं दिसतं की परदेशी पाला हातात आल्यावर इथल्या माणसाने त्याचं काय केलं? काढा केला! पाल्याचा, मुळीचा, सालीचा अर्क काढायची आपल्याला ठाऊक असलेली रीत तीच. म्हणून तर आपल्याकडे चहाचंही 'आधण' ठेवतात, भाताचं ठेवावं तसं. आणि त्या सुवासिक गवताचा काढा करून प्यायचा म्हणून त्याचं नावच 'गवती चहा' पडलं.

आता दोनशे वर्षं पुढे, पुण्यात येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मराठी घरांत चहा शिरत होता तो शिकलेल्या, साहेबाच्या कचेरीत जाणाऱ्या लोकांमार्फत. तेव्हा वाद चहा कसा केला यावर नव्हता, कुणाच्या हातचा यावर होता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातले बरेच प्रतिष्ठित लोक गेले. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतला चहा, काहींनी यजमानांचा मान राखायला कप नुसता हातात घेऊन खाली ठेवला. यामागे होते गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती. खोडी काढण्यात हा गृहस्थ पटाईत. पुढे हजर असलेल्यांची नावं त्यांनी 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात भडका उडाला. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा ब्राह्मणांनी घेतला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री आले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये इतर मंडळींबरोबर प्रायश्चित्त घेतलं, आणि मग सुधारकांनी त्यांना झोडपलं. रमाबाई रानड्यांच्या १९१० साली निघालेल्या आठवणींत हे सगळं घरातून कसं दिसत होतं ते वाचायला मिळतं.

या प्रकरणाकडे आपण आज हसून बघतो. पण त्या दिवसांत बहिष्कार म्हणजे घरच्या श्राद्धाला भटजी नाही, मुलीच्या लग्नाला माणूस नाही. एका कपासाठी केवढी किंमत! आणि तरीही पुढच्या पन्नास वर्षांत हेच पेय त्याच पुण्यात घरोघर, पेठेपेठेत पोचलं. कसं काय?

त्याचं श्रेय मळेवाल्यांच्या तोट्याला द्यायला हवं. भारतातला चहा मुळात भारतीयांसाठी नव्हताच. मळ्यांत मजुरांना करारात जखडून राबवायचं आणि माल लंडनला पाठवायचा, असा तो धंदा. १९०३ मध्ये कर्झनच्या काळात निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवून प्रचारासाठी पैसा उभा केला गेला. पण खरी निकड आली १९३० नंतरच्या मंदीत. भाव कोसळले. १९३३ मध्ये भारत, सिलोन आणि डच ईस्ट इंडीज यांच्या उत्पादकांनी आंतरराष्ट्रीय करार करून निर्यातीवर मर्यादा घातली. मग उरलेला चहा कुणाच्या गळी उतरवायचा? घरच्या गिऱ्हाइकाच्या! उपकर समितीचं १९३७ साली नाव बदलून 'टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड' झालं, म्हणजे नावातच हेतू. त्यांची माणसं वस्त्यावस्त्यांत, बाजारांत, जत्रांत जाऊन चहा करून दाखवू लागली. गिरण्यांत, खाणींत कामगारांना चहा मिळण्याची सोय झाली. रेल्वे स्टेशनांवर पत्र्याच्या रंगीत पाट्या लागल्या, आणि चहा कसा करावा याच्या पायऱ्या चित्रांसह देशी भाषांत छापल्या गेल्या. ताजं पाणी घ्या, किटली गरम करा, माणशी एक चमचा आणि किटलीसाठी एक, पाणी ओता, झाका, मुरू द्या. थोडं दूध, थोडी साखर.

लोकांनी चहा घेतला आणि पाट्या सोडून दिल्या.

बोर्डाची मोठी तक्रार हीच होती की चहाचे ठेलेवाले पूड कमी टाकतात आणि दूध, साखर, मसाला भारंभार. त्यांच्या दृष्टीने ती भेसळच, कारण त्यामुळे पूड कमी खपायची. ठेलेवाल्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मात्र ते शहाणपण होतं. कपातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे पूड. ती भांड्यात मुरवून फेकून द्यायची ही चैन, तीच उकळली तर चिमूटभरात रंग आणि कडकपणा निघतो. उकळल्यावर जो तुरटपणा येतो त्याला दुधातलं केसीन धरून ठेवतं, म्हणून दूध जास्त. आणि पहाटेच्या पाळीला निघालेल्या गिरणी कामगाराच्या पोटात दूध-साखरेचा गरम कप म्हणजे नुसती तरतरी नव्हे, थोडा आधारही असतो. साहेबाच्या पातळ, बिनसाखरेच्या चहाने तो कुठून मिळणार?

या सगळ्यात मला सगळ्यात मजेशीर वाटते ती गांधीजींची जागा. चहाचे ते कडवे विरोधक. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी 'आरोग्यनी चावी' हे छोटं पुस्तक गुजरातीत लिहायला घेतलं. त्यात चहावर टिपण आहे. चहाची गरज नाही, पत्ती उकळली की त्यातलं टॅनिन उतरतं आणि ते अपायकारक, असं त्यांचं म्हणणं. प्यायचाच असेल तर पत्ती गाळणीत ठेवून वरून उकळतं पाणी ओतावं आणि खाली गवताच्या काडीच्या रंगाचं पाणी पडावं. म्हणजे बघा, मळेवाल्यांचं बोर्ड आणि गांधीजी, एकमेकांचे पक्के विरोधक, एका मुद्द्यावर एकमत: चहा उकळू नका! आणि देशाने या एका बाबतीत दोघांचंही ऐकलं नाही. आगाखान पॅलेसपासून काही मैलांवर, पुण्यातल्या पेठांमध्ये राजस्थानातून आलेली श्रीमाळी मंडळी आपल्या 'अमृततुल्य' दुकानांत पितळी पातेल्यात वेलदोडा-आलं कुटून घातलेला चहा ढवळत होती, फडक्यातून गाळत होती. त्या नावात चहाचं नाव नाही, ब्रिटिशांचं तर नाहीच नाही.

शेवटी तडजोड केली ती यंत्राने. १९३० मध्ये आसामातल्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर याने एक यंत्र बनवलं. दातेरी रुळांमधून पान चिरडायचं, फाडायचं आणि गोळ्या वळायच्या. क्रश, टेअर, कर्ल, म्हणून सीटीसी. आपण ज्याला ममरी म्हणतो ती हीच. पानाच्या चहाच्या मानाने ती भराभर रंग सोडते, कडक उतरते, आणि किलोमागे कप जास्त निघतात. उकळायच्या चहासाठी जणू मापून शिवलेली. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत ती सगळीकडे पसरली आणि आज देशात होणाऱ्या चहातला बहुतांश सीटीसीच असतो. ज्या उकळण्याबद्दल गिऱ्हाइकाला सुधारायला निघाले होते, त्याच उकळण्याला सोयीचा माल कारखाने काढू लागले. (जुन्या पद्धतीने वळलेल्या पानाच्या चहाला धंद्यात 'ऑर्थोडॉक्स' म्हणतात. १८९० चे पुणेकर आठवून मला दर वेळी हसू येतं.)

पण 'आमच्याकडे चहा असाच लागतो' मधला 'आमच्याकडे' म्हणजे नेमकं कोण, हे मात्र कुठल्या बोर्डाच्या कागदात सापडणार नाही. मी लहानपणी बघितलेल्या वाड्यात पहिलं आधण पुरुष माणसांचं आणि पाहुण्यांचं असे. त्यात पूड नवी, दूध भरपूर, आलं घरात असेल तर तेही. गाळून झाल्यावर चोथा टाकत नसत. त्याच पातेल्यात पुन्हा पाणी, वरून चिमूटभर पूड आणि दूध नावाला. हा दुसरा चहा आजी, काकू आणि बाकीच्या बायकांचा. काकूला कुणी विचारलं की ती म्हणायची, मला बाई पातळच आवडतो. भांडी घासायला येणाऱ्या बाईंनाही त्याच दुसऱ्या आधणातला चहा मिळे. त्यांची कपबशी मात्र वेगळी, मोरीजवळच्या कोनाड्यात पालथी घातलेली. ती त्याच विसळायच्या आणि त्याच जागेवर ठेवून जायच्या.