बोरीबंदरचे स्थान : कोटाचा तट आणि रेल्वेचे टर्मिनस

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या वास्तूविषयी लिहिणारे बहुतेक लेखक घुमटापासून आरंभ करतात आणि गॉथिक शैलीच्या गुणवर्णनात रमतात. ही वास्तू नेमक्या याच जागी का उभी राहिली, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. वस्तुतः टर्मिनसचा इतिहास पायाच्या दगडापूर्वी सुमारे शतकभर सुरू झालेला आहे, आणि त्याची मुख्य साधने भोवतालच्या रस्त्यांच्या आखणीतच सापडतात.

अठराव्या शतकातील मुंबईचे दोन भाग होते : तटबंदीच्या आतील कोट आणि तटाबाहेरील वस्ती, म्हणजे बाहेरकोट. कोटाला तीन दरवाजे होते. दक्षिणेस अपोलो, पश्चिमेस चर्चगेट आणि उत्तरेस बाजारगेट. या उत्तर दरवाज्याच्या आत पारशी, बनिया व बोहरी व्यापाऱ्यांची दाट वस्ती होती. बाजारगेट स्ट्रीट हे नाव तिचीच आठवण होय. १७६९ मध्ये याच टोकाला फोर्ट जॉर्ज बांधण्यात आला. तटाबाहेरची जमीन तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी राखलेली असे. मुंबादेवीचे मूळ देऊळ याच परिसरात होते आणि संरक्षणाच्या गरजेपायी ते अठराव्या शतकात हलवावे लागले. नगराला जिचे नाव मिळाले त्या देवतेलाच तोफांसाठी जागा सोडावी लागली, ही गोष्ट कंपनी सरकारच्या अग्रक्रमाविषयी पुरेसे सांगून जाते. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटाच्या उत्तर भागात भीषण आग लागली. त्यानंतर एतद्देशीय वस्तीने मैदानापलीकडे सरकावे असे सरकारी धोरण झाले, आणि मांडवी, काळबादेवी या बाजूंची वाढ झपाट्याने होऊ लागली. राज्यकर्त्यांचा कोट व रयतेचे नगर यांच्यामध्ये एक विस्तीर्ण मोकळा पट्टा राहिला तो असा.

या पट्ट्याच्या पूर्व टोकाला समुद्रकाठी बोरीबंदर होते. नावाची व्युत्पत्ती कोणी बोरीच्या झाडांवरून लावतात, कोणी मालाच्या बोऱ्यांवरून. दुसरी अधिक आकर्षक वाटते, पण तेवढ्यावरून ती ग्राह्य ठरत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने आरंभस्थान म्हणून ही जागा निवडली यात नवल नाही. येथे बंदर होते, कोटाचा दरवाजा हाकेच्या अंतरावर होता, आणि पाडापाडी करावी लागेल अशी वस्ती नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी १४ डबे व सुमारे ४०० निमंत्रित घेऊन, २१ तोफांच्या सलामीत, ठाण्याकडे पहिली गाडी निघाली ती येथूनच. अंतर २१ मैल. स्थानक म्हणाल तर तात्पुरते, लाकडी. तोफांसाठी मोकळ्या ठेवलेल्या जमिनीवरच रेल्वेचा रूळ पडला.

पुढील दहा-पंधरा वर्षांत या भूमीचे रूप पालटले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत लोटला. १८६३ मध्ये बोरघाटाचा आणि १८६५ मध्ये थळघाटाचा लोहमार्ग खुला झाला. कापूस आणि घाटावरचा माणूस दोघेही आता रुळावरून मुंबईत उतरू लागले. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत कोटाचा तट पाडण्यात आला. समुद्राकडे भरणी होऊन जमीन पुढे सरकली, तीवर फ्रियर रोड आला, आणि बोरीबंदर हे समुद्र नसलेले बंदर होऊन बसले.

अशा रीतीने मोकळ्या झालेल्या या सांध्यावर १८७८ मध्ये फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या आराखड्यानुसार बांधकाम सुरू झाले. दहा वर्षे काम चालले आणि सुमारे १६ लाख रुपये खर्च झाला. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वास्तूला तिचे नाव देण्यात आले. लंडनच्या सेंट पँक्रसशी तिची तुलना नेहमी होते. परंतु त्या तुलनेतील महत्त्वाचा भेद दुर्लक्षिला जातो. सेंट पँक्रसचा दर्शनी भाग हे प्रवाशांसाठी बांधलेले हॉटेल होते. बोरीबंदरचा दर्शनी भाग म्हणजे कंपनीची कचेरी. घुमट, त्यावरील ‘प्रगती’ची मूर्ती, दारावरील सिंह व वाघ, घुमटाखालचा भव्य जिना हे सारे प्रशासनाचे वैभव होय. गाड्या लागत त्या मागे व बाजूला. उत्तर बाजूचे तिकीटघर तेवढे याला अपवाद. तेथील सजावट सामान्य प्रवाशाच्याही वाट्याला आली. कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता, आणि भिंतीवरील मुखवट्यांत जगन्नाथ शंकरशेट व सर जमशेटजी जीजीभाई यांना स्थान मिळाले. मुंबईत रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्या या दोघांचे ऋण कंपनीने मानले, हे खरे. मात्र ते दगडात मानले गेले. निर्णयाची सूत्रे लंडनच्या संचालकांकडेच राहिली.

ही दर्शनी बाजू पश्चिमेस, पूर्वीच्या मैदानाकडे, तोंड करून आहे. तिच्यासमोर हॉर्नबी रोड व क्रुकशँक रोड यांच्या बेचक्यात स्टीव्हन्सनेच नगरपालिकेची इमारत उभारली. ती १८९३ मध्ये पुरी झाली. रेल्वे कंपनी आणि नगरसंस्था या दोन नव्या सत्ता जुन्या तटाच्या रेषेवर समोरासमोर ठाकल्या. हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, ही मूळची अरुंद वाट. तट पडल्यावर ती रुंदावली. १८९६ च्या नियमाने तेथील इमारतींना तळमजल्यावर सलग कमानींचा आच्छादित पदपथ ठेवणे बंधनकारक केले. मालक निराळे, शैली निराळ्या, पण पायी चालणाऱ्यावर ऊन-पाऊस पडू नये एवढी सक्ती सर्वांना सारखी. स्थानकाच्या दर्शनी भागात जो विचार प्रवाशासाठी फारसा झाला नाही, तो रस्त्यावरच्या पादचाऱ्यासाठी झाला, ही विसंगती लक्षणीय आहे. उत्तरेस क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्येच उभे राहिले होते. दक्षिणेस जनरल पोस्ट ऑफिस १९१३ मध्ये पुरे झाले आणि त्याच्या घुमटाने विजापूरची आठवण जागवली.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी येथून कुर्ल्यापर्यंत देशातील पहिली विजेची गाडी धावली. हा प्रसंग तांत्रिक प्रगतीच्या सदरात घातला जातो, तथापि त्याचा सामाजिक अर्थ मोठा आहे. उपनगरांत राहून कोटात नोकरी करणे कारकून वर्गाला आता अधिक सुलभ झाले, आणि स्थानकाचे खरे स्वामित्व हळूहळू मागील फलाटांकडे गेले. १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली व तिचे मुख्यालय त्याच कचेरीत आले. म्हणजे दर्शनी भागातील कारभार बदलला, उपयोग बदलला नाही. १९९६ मध्ये वास्तूचे नामांतर झाले, २००४ मध्ये तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. लोकांनी मात्र प्रत्येक नावाची आद्याक्षरे तेवढी उचलली.

तटाचा मागोवा घेणाऱ्याने स्थानकाच्या पूर्वेकडील सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात जावे. फोर्ट जॉर्जचा एक उरलेला भाग तेथे आजही उभा आहे, आणि गाड्यांचा आवाज तेथवर ऐकू येतो.