एकतीस क्रमांकाचा वारसा

परंपरेला जन्मकथा लागते आणि ती पुष्कळदा इतिहासापेक्षा अधिक टिकाऊ ठरते. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील ‘पिता-पुत्र नियम’ हे याचे बोलके उदाहरण आहे.

मेलबर्न क्लबचे रॉन बरासी १९४० च्या विजेत्या संघात होते. १९४१ मध्ये ते टोब्रुक येथे युद्धात मारले गेले, तेव्हा त्यांचा मुलगा (त्याचेही नाव रॉनच) पाच वर्षांचा होता. त्या काळी व्हिक्टोरियात खेळाडूचा क्लब त्याच्या राहत्या भागावरून ठरे. १९४९ च्या नियमाने मुलाला वडिलांच्या क्लबात जाण्याची वाट मोकळी झाली. १९५३ मध्ये धाकटे बरासी मेलबर्नकडून मैदानात उतरले. पाठीवर वडिलांचाच ३१ क्रमांक होता आणि प्रशिक्षक होते वडिलांचे सहखेळाडू नॉर्म स्मिथ.

हा नियम बरासींसाठीच झाला, असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक त्यांच्याआधी, १९५१ मध्येच, धाकटे हार्वी डन या नियमाने कार्लटनकडे आले होते. पण लोकस्मृतीला डन पुरेसे वाटले नाहीत. तिला रणात पडलेला पिता हवा होता. याच स्मृतीला १९६४ अखेरची घटना जिव्हारी लागली. मेलबर्नला सहा विजेतेपदे मिळवून दिल्यावर बरासी कार्लटनचे कर्णधार-प्रशिक्षक झाले. वारसा म्हणजे आजन्म करार नव्हे, हे वारसदारानेच दाखवून दिले.

पुढे, १९८६ मध्ये, खेळाडूंची निवड राष्ट्रीय ‘ड्राफ्ट’ने होऊ लागली, तरीही हा नियम टिकला. २००१ मध्ये जिलाँगला धाकटे गॅरी अ‍ॅब्लेट चाळिसाव्या निवडीत, म्हणजे जवळजवळ फुकटात, मिळाले. २००७ पासून मात्र इतर क्लबांच्या बोलीवरून मुलाचे मोल ठरू लागले. २०२१ मध्ये निक डेकॉस यांच्यासाठी कॉलिंगवूडला चौथ्या निवडीवर आलेल्या बोलीची बरोबरी करावी लागली.

आता या सवलतीसाठी वडिलांनी त्या क्लबकडून किमान १०० सामने खेळलेले असावे लागतात. थोरल्या बरासींचे सामने होते ५८. ज्या मुलाच्या कथेवर हा नियम आजवर जगला, त्याला तो आज दारातूनच परत पाठवील. भावनेचा कायदा झाला की तो माणसे मोजू लागतो. आणि मरण मोजण्याचा रकाना त्यात नसतो.