दीक्षा, वेतन आणि चव्हाटा : मराठी ख्रिस्ती पाळकपणाच्या इतिहासातील एक प्रश्न

१

मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुधा दोन अंगांनी लिहिला जातो. एक अंग मिशनसंस्थांचे : त्यांच्या शाळा, छापखाने, रुग्णालये यांचे. दुसरे अंग धर्मांतर केलेल्या नामवंत व्यक्तींचे : त्यांचे मनोमंथन, बहिष्कार आणि वाङ्मय यांचे. या दोहोंच्या मध्ये एक साधा पण महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. संस्थेच्या भिंतींबाहेर, रस्त्याच्या कडेला किंवा वस्तीच्या चव्हाट्यावर जमणाऱ्या लहानशा समूहाचे धार्मिक नेतृत्व कोण पत्करतो, आणि ते पत्करण्याचा अधिकार त्यास कोठून प्राप्त होतो?

या अधिकाराचे तीन आधार संभवतात. पहिला दीक्षेचा : मंडळीने वा धर्मसभेने हात ठेवून केलेल्या नेमणुकीचा. दुसरा वेतनाचा : ज्या संस्थेकडून निर्वाह चालतो तिने दिलेल्या पदाचा. तिसरा लोकमान्यतेचा : ऐकणाऱ्यांनी आपल्या दुःखात ज्यास बोलावले त्याच्या स्थानाचा. मराठी मुलखातील पाळकपणाचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी या तीन आधारांमधील ताणाचा इतिहास होय.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे उचित ठरेल. ‘पाळक’ हा शब्द ‘पाळणे’ या क्रियापदापासून सिद्ध झाला असून त्यामागे बायबलातील मेंढपाळाची प्रतिमा उभी आहे. ‘मंडळी’ हा शब्द तर घरगुती आहे. ‘जमलेली मंडळी’, ‘घरची मंडळी’ असा ज्याचा नित्य वापर, तोच शब्द ख्रिस्ती मराठीने उपासक-समुदायाच्या संस्थेस लावला. पहिला शब्द राखणाऱ्याकडे बोट दाखवितो, दुसरा जमणाऱ्यांकडे. पाळक मंडळीचा, की मंडळी पाळकाची, हा वाद या जोडीत आरंभापासूनच दडलेला आहे.

अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोचले. हॉल यांनी मराठी शिकून बाजारांत, देवळांच्या परिसरांत आणि वाटेवर उपदेश केला. १८२६ मध्ये प्रवासातच पटकीने त्यांचा अंत झाला. म्हणजे या परंपरेचा प्रारंभच मुळी रस्त्यावर झाला. तथापि रस्त्यावरचा उपदेशक व मंडळीचा पाळक या दोन वेगळ्या भूमिका आहेत. उपदेशक बोलून पुढे जातो. पाळकास मागे राहावे लागते. परदेशी मिशनरी पहिली भूमिका निभावू शकत होता. दुसरीसाठी त्याच भूमीतला माणूस हवा होता.

तो प्रश्न अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) सुटला. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ मध्ये स्थापन झाले. हरिपंत ख्रिस्ती (मूळचे खिस्ती) यांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. ते व रामकृष्णपंत मोडक यांस १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. त्याच सुमारास अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. देशी मंडळी स्वावलंबी, स्वशासित व स्वप्रसारक असाव्यात हे त्यांचे प्रतिपादन मिशन-इतिहासात प्रसिद्ध आहे. तत्त्व सुटसुटीत होते, परंतु व्यवहारात दीक्षा देशी माणसास मिळाली तरी वेतनाची दोरी मिशनच्याच हाती दीर्घकाळ राहिली.

३

या कोंडीतून वाट काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न संगीताने केला, ही बाब लक्षणीय आहे. १८६० च्या दशकात अहमदनगर भागात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तचरित्रावर कीर्तने करण्यास आरंभ केला. व्यासपीठावरील प्रवचन व कीर्तन यांतील भेद केवळ रंजकतेचा नाही. प्रवचनात वक्ता बोलतो व श्रोता ऐकतो. कीर्तनात पूर्वरंगानंतर उत्तररंगात आख्यान येते; मध्ये साकी, दिंडी, आर्या, अभंग येतात; ध्रुपद मागे उभे असलेले टाळकरी उचलतात आणि हळूहळू श्रोतेही त्यात मिसळतात. कीर्तनकाराचे स्थान श्रोत्यांनी दिलेले असते. ते न रंगल्यास उठून जाण्याची मोकळीक त्यांस असते. अशा रीतीने तिसरा आधार, लोकमान्यतेचा, या उपासनापद्धतीत चोरपावलांनी शिरला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी या बीजाचा वृक्ष केला. त्यांच्या जीवनातील निर्णायक घटनेचा पूर्व विदर्भाशी संबंध आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जाताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. तो लोहमार्ग भंडारा–गोंदिया पट्ट्यातून जातो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते अहमदनगरच्या मिशनमध्ये काम करू लागले, १९०४ मध्ये त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. त्यांच्या गीतांनी व भजनांनी मराठी ख्रिस्ती उपासनेस जी भाषा दिली ती आजही मराठी मंडळ्यांत जिवंत आहे.

टिळकांपाशी दीक्षा होती, वेतन होते आणि लोकमान्यताही होती. तरीही १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली व ख्रिस्ती संन्यास स्वीकारला. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना साकार करण्याचा यत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी या दरबारात समान मानावयाचे होते. सर्वांना परिचित असलेली धार्मिक फूटपट्टी बाजूस ठेवून त्यांनी मंडळीचे दार रस्त्याच्या अंगास उघडले, असे याचे वर्णन करता येईल. वेतन सोडल्यावाचून हे दार उघडता येणार नाही, ही त्यांची जाणीव होती. पगारी उपदेशकाच्या शब्दावर श्रोता सदैव एक संशय राखून असतो, आणि तो संशय वक्तृत्वाने फिटत नाही.

मात्र या प्रयोगाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले व दरबाराचे तेज ओसरले. त्यास संस्थेची शिस्त नव्हती; जे होते ते एका व्यक्तीच्या ठायी होते. लोकमान्यता हा सर्वांत जिवंत आधार खरा, परंतु तो वारशाने देता येत नाही.

४

टिळकांस निदान दीक्षा मिळालेली होती. ती ज्यांस मिळण्याची शक्यताच नव्हती अशांनीही याच काळात प्रार्थनेचे नेतृत्व पत्करले, आणि ते उदाहरण पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्तिसदनाचे आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी जानेवारी १९०५ मध्ये तेथे विशेष प्रार्थनेचा उपक्रम सुरू केला. आरंभी सुमारे ७० स्त्रिया रोज सकाळी एकत्र येत. जूनपर्यंत ही संख्या सुमारे ५५० झाली, आणि प्रार्थना दिवसातून दोनदा होऊ लागली. आसपासच्या खेड्यांत जाऊन सांगण्यास कोण तयार आहे, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा ३० जणी पुढे आल्या.

या ३० जणींची सामाजिक पार्श्वभूमी ध्यानी घेतल्यास घटनेचे महत्त्व कळते. मुक्तिसदनात बहुसंख्येने दुष्काळपीडित मुली, विधवा व निराधार स्त्रिया होत्या. ज्यांच्या वतीने इतरांनी प्रार्थना करावयाची, अशी ज्यांची गणना, त्याच इतरांसाठी प्रार्थना करण्यास निघाल्या. दयेचा विषय असलेली व्यक्ती येथे धार्मिक क्रियेची कर्ती झाली. धर्मसभेने दिलेली पाळकपदाची दीक्षा त्यांस नव्हती. पदाचे नावही नव्हते. पण मागे राहणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, दुसऱ्याचे दुःख नाव घेऊन देवापुढे मांडणे हे पाळकाचे जे काम, ते पदावाचून होऊ शकते, असे या प्रसंगाने दाखविले.

रमाबाईंचा बायबल-अनुवादही याच दृष्टीने पाहावा लागेल. मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेला हा मराठी अनुवाद त्यांनी अखेरच्या दिवसांत पुरा केला व तो १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृतच्या प्रकांड विदुषीने हेतुपुरस्सर संस्कृतप्रचुर शब्द टाळून, अल्पशिक्षित स्त्रीस वाचता यावी अशी भाषा पसंत केली. नेतृत्व वाटून द्यावयाचे तर भाषा आधी वाटून द्यावी लागते, हे सूत्र त्यामागे दिसते.

५

हे सूत्र पूर्व विदर्भास लावून पाहण्याजोगे आहे. नागपुरास स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले. १८६३ मधील त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, त्यांची आदिवासींविषयीची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. त्यांत गोंडांच्या लिंगोगीताचा संग्रह आहे. म्हणजे या भागात धर्मप्रसारकासही आधी ऐकणारा व्हावे लागले.

आज गोंदिया जिल्ह्याच्या सडक-अर्जुनी तालुक्यात असलेले सौंदड हे गाव नागपूर–रायपूर महामार्गावर व गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावर वसले आहे. भाताची शेती, तलाव आणि जंगल यांच्या या झाडीपट्टीत प्रमाण मराठी, हिंदी, झाडीबोली, छत्तीसगडी व गोंडी यांचा व्यवहार शेजारी शेजारी चालतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ज्या झाडीबोलीचा अभ्यास केला, तिच्यात ‘ण’ व ‘ळ’ हे ध्वनी नाहीत; ‘पाणी’ तेथे ‘पानी’ होते व ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो. तेव्हा ‘पाळक’ हा शब्दच या बोलीस परका ध्वनी घेऊन येतो. गुरे राखणाऱ्यास या बाजूला ‘गायकी’ म्हणतात. मेंढपाळाची प्रतिमा येथे गायक्याच्या रूपानेच समजण्यासारखी आहे. सौंदडसारख्या गावी वाटेवर प्रार्थनेसाठी उभा राहणारा मनुष्य अहमदनगरी ग्रंथभाषेत बोलेल, तर तो मिशनच्या काळचा पगारी उपदेशकच वाटेल, मग तो वेतन घेत असो वा नसो.

याच भागात प्रार्थनेस चव्हाट्यावर आणणारी दुसरी परंपरा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांची होय. खंजिरीवरचे भजन आणि गावोगावची सामुदायिक प्रार्थना यांनी विदर्भातील खेड्यास एकत्र बसण्याची सवय लावली. धर्ममत वेगळे असले तरी रचना परिचित आहे : वाद्य साधे, पद सोपे, मंडळी खुली, आणि नेतृत्व गावातल्याच कोणी पुढे येऊन करावयाचे.

६

वेतनाचा प्रश्न पुढे राजकीय झाला. जुन्या मध्यप्रदेश सरकारने १९५४ मध्ये भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. तेव्हाचा भंडारा जिल्हा, ज्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच प्रांतात होता. १९५६ च्या अहवालाने परदेशी द्रव्यावर कठोर टीका केली. त्याच्या निष्कर्षांविषयी तीव्र मतभेद झाले व आजही आहेत. तथापि भारतीय ख्रिस्ती जनांनी परदेशी साहाय्यावाचून स्वतंत्र व एकत्रित मंडळी स्थापावी, ही त्यातील शिफारस आणि अँडरसन यांचे स्वावलंबनाचे तत्त्व या दोहोंची दिशा एकच होती, हा इतिहासातील एक विलक्षण योग मानावा लागेल. एकाचा हेतू मिशनच्या यशाचा, दुसऱ्याचा मिशनवर नियंत्रणाचा. उत्तर मात्र उभयतांस एकच दिसले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्यांच्या ऐक्यातून उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा एकत्रीकरणाचा भाग पुरा झाला. स्वावलंबनाचा भाग ज्या त्या गावाने ज्याचा त्याने सोडवावयाचा राहिला.

वरील विवेचनातून काढता येणारा निष्कर्ष मर्यादित आहे. दीक्षेवाचूनचे नेतृत्व उत्तरदायित्वास मुकण्याचा धोका पत्करते; त्यास विचारणारा कोणी नसतो. वेतनावर उभे असलेले नेतृत्व विश्वासास मुकते. केवळ लोकमान्यतेवर उभे असलेले नेतृत्व, दरबाराप्रमाणे, एका आयुष्यापलीकडे जात नाही. १८५४ ची दीक्षा, १९०५ च्या ३० स्त्रिया आणि १९१७ चा संन्यास ही तीन उदाहरणे परस्परांची उणीव दाखवितात व भरूनही काढतात. चव्हाट्यावर उभे राहून दुसऱ्यासाठी प्रार्थना करू पाहणाऱ्यास पद कोणी दिले, हा प्रश्न धर्मसभा विचारील. पैसा कोणाचा, हे सरकार विचारील. रस्त्यावरचा श्रोता निराळेच विचारतो : हा उद्याही येथे असेल काय? पाळकपणाच्या इतिहासात या तिसऱ्या प्रश्नास आजवर मिळालेले स्थान फार अल्प आहे.