मोरचूद आणि पांढरे ठिपके

खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांचे जीव घेणाऱ्या दोन सर्वांत कुप्रसिद्ध परजीवींचं शास्त्रीय बारसं समुद्रकिनारी झालं नाही. ते झालं लंडनच्या प्राणिसंग्रहालयात. तिथलं नवं मत्स्यालय १९२४ साली उघडलं आणि उष्ण समुद्रांतले रंगीबेरंगी मासे लोकांना काचेमागे दिसू लागले. काहींच्या अंगावर सोनेरी भुकटी शिंपडल्यासारखी दिसे आणि ते पटापट मरत. या भुकटीतल्या एकपेशीय जीवाचं वर्णन ई. एम. ब्राउन यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. शास्त्रज्ञ आज त्याला अ‍ॅमिलोओडिनियम म्हणतात, हौशी मंडळी ‘वेल्व्हेट’. पुढे १९५१ मध्ये ब्राउन यांनीच पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगामागच्या जीवाला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव दिलं. हा रोग जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ सालीच नोंदवला होता.

समुद्रात हे परजीवी असतातच, पण तिथे त्यांचं फारसं चालत नाही. माशाच्या कातडीवर आणि कल्ल्यांवर काही दिवस पोसून झालं की जंतू गळून पडतो, तळाशी कोष करतो, कोषात त्याची पुष्कळ पिल्लं तयार होतात आणि ती नवा मासा शोधत पोहत सुटतात. अफाट पाण्यात विखुरलेल्या या पिल्लांपैकी फार थोड्यांना मासा गाठता येतो. टाकीत मासा हातभर अंतरावर, आणि फिरून फिरून तोच. म्हणून जे दुखणं समुद्रात अंगावर निघतं, ते काचेच्या चार भिंतींत साथ होतं.

नवा मासा आणला की तो आधी वेगळ्या टाकीत ठेवायचा, हा आजच्या नवशिक्याला मिळणारा पहिला सल्ला. तो रूढ व्हायला मात्र फार काळ लागला.

या छंदाच्या आरंभी चिंता होती ती पाण्याची. ॲना थिन यांनी १८४६ च्या सुमारास इंग्लंडच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले, तेव्हा पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरातली मोलकरीण ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसे. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे टाक्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडलं. पुढच्याच वर्षी निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी मीठ आणि आणखी तीन क्षार मिसळून घरच्या घरी समुद्राचं पाणी बनवण्याची कृती सांगितली. अल्फर्ड लॉइड यांनी लंडनमध्ये मत्स्यालयाच्या सामानाचं दुकानच थाटलं. पण तेव्हाचे जीव बहुतेक जवळच्याच थंड किनाऱ्यावरचे होते. पुष्कळदा ग्राहक ओहोटीच्या वेळी स्वतःच जाऊन ते वेचत. त्या वेचण्याने खडकांमधली डबकी कशी ओकीबोकी झाली, याची खंत गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात मांडली.

शंभर वर्षांनी चित्र पालटलं. श्रीलंकेतून शोभेच्या समुद्री माशांची निर्यात १९३० च्या दशकात अगदी लहान प्रमाणावर सुरू झाली होती. प्लास्टिकची पिशवी, तिच्यात भरलेला प्राणवायू आणि मालवाहू विमान एकत्र आले, तसा हा धंदा फोफावला. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं १९५१ मध्ये, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते. अमेरिकेत रॉबर्ट स्ट्रॉन यांचं घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाकीवरचं पुस्तक १९५९ मध्ये आलं. साठच्या दशकात ‘इन्स्टंट ओशन’सारखं तयार मीठ बाजारात आलं आणि समुद्रापासून कोसो दूर राहणाऱ्यांनाही हा छंद करता येऊ लागला.

सोय वाढली, तसा मासा पकडणारा आणि पाळणारा यांच्यातला रस्ता लांबला. कोळी, दलाल, निर्यातदार, आयातदार, घाऊक व्यापारी, दुकानदार: हातोहाती मासा पुढे जातो. पिशवीतलं पाणी खराब होऊ नये म्हणून बांधण्याआधी त्याला उपाशी ठेवतात. व्यापाऱ्यांकडे डझनावारी टाक्यांतून अनेकदा एकच पाणी फिरतं, म्हणजे एका टाकीतला जंतू बाकीच्या सगळ्या टाक्यांत जायला मोकळा. फिलिपिन्समध्ये तर साठच्या दशकापासून प्रवाळांच्या फटींत सोडियम सायनाइडचं पाणी फवारून मासे गुंगवून पकडले जाऊ लागले. त्या देशाने यावर कायद्याने बंदी आणली, तरी प्रकार थांबला नाही. असा मासा दुकानात धडधाकट दिसतो आणि नंतर दगावू शकतो. सायनाइडच्या माशाला वेगळ्या टाकीत ठेवून तो बरा होतो असं नाही, पण दगावला तर मुख्य टाकीत सडत पडत नाही.

औषध सापडलं सॅन फ्रान्सिस्कोत. तिथल्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाच्या रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ मध्ये वेल्व्हेटवर कॉपर सल्फेटचा उपाय मांडला. कॉपर सल्फेट म्हणजे आपलं मोरचूद. चुन्याबरोबर कालवलेलं हेच मोरचूद कोकणातला सुपारीवाला आणि नाशिकचा द्राक्षवाला बुरशीवर फवारतात. पाण्यात उतरलेलं तांबं पोहत निघालेल्या पिल्लांना मारतं. कोषात बसलेल्यांना त्याची फारशी झळ लागत नाही. म्हणून एका दिवसाचा डोस पुरत नाही, कोष फुटेपर्यंत तांबं पाण्यात टिकवावं लागतं. मोरचुदासाठी मात्राही नाजूक: लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम तांबं. कमी पडलं तर जंतू वाचतो, जास्त झालं तर मासा जातो.

शिवाय तांबं कोळंबी, शंख आणि प्रवाळ यांना विषारी, आणि चुनखडीचे खडक ते शोषून घेतात. इंडोनेशियातले ली चिन एंग जिवंत खडक आणि प्रवाळ ठेवण्याची आपली पद्धत १९६१ मध्ये अमेरिकी मासिकातून सांगत होते. पुढे प्रवाळांच्या टाक्यांची हौस पसरली, तसं मुख्य टाकीत औषध घालणं अशक्यच झालं. उपचारासाठी वेगळी टाकी लागणारच होती. मग मासा आजारी पडण्याची वाट न बघता प्रत्येक पाहुण्याला आधी तिथेच उतरवणं शहाणपणाचं ठरलं. या टाकीत ना वाळू, ना खडक. उघडा तळ, स्पंजचा फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. तांबं मोजण्याचं किट हवंच.

किती दिवस, याचं उत्तर आलं इस्रायलमधल्या ऐलातहून. तिथे आंजेलो कोलोर्नी यांनी पांढऱ्या ठिपक्यांच्या जंतूचं जीवनचक्र तपासलं. तो माशावर साधारण तीन ते सात दिवस राहतो. गळून पडल्यावर कोष फुटायला निदान तीन दिवस लागतात, पण काही कोष ७२ दिवसांपर्यंत तग धरतात. यातून दोन रिवाज निघाले. दर तीन दिवसांनी मासा स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत हलवायचा, म्हणजे गळून पडलेले कोष फुटण्याआधीच मागे राहतात; असं चार वेळा केलं की औषधाविनाही हा जंतू सुटतो. वेल्व्हेटवर मात्र या उपायाचा भरवसा नाही. दुसरा रिवाज, साथ मुख्य टाकीत शिरलीच तर सगळे मासे बाहेर काढून ती अडीच महिने रिकामी ठेवायची.

खरेदीचे नियमही यातूनच आले. मासा दुकानात समोर खाताना पाहावा, श्वासाची धाप पाहावी, शेजारच्या टाक्यांतही मेलेला मासा नाही ना हे पाहावं. भारतात आणखी एक गोष्ट बघावी लागते: समुद्रघोडे आणि खडकबांधणीचे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत, ते विकत घेणं गुन्हा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ च्या अहवालाने या व्यापारात वर्षाला दोन कोटी ते दोन कोटी चाळीस लाख समुद्री मासे असल्याचा अंदाज बांधला होता. त्यातले बहुतेक समुद्रातूनच पकडलेले. क्लाउनफिशची पैदास सत्तरच्या दशकापासून टाक्यांत होते आहे, आणि हवाईच्या ओशॅनिक इन्स्टिट्यूटने अनेक वर्षांच्या खटपटीनंतर पिवळा टँगही अंड्यापासून वाढवून दाखवला. हौदात जन्मलेल्या माशाला सायनाइड लागलेलं नसतं आणि तो तयार खाणंही खातो. तरीही घरी येण्याआधी तो दुकानातल्या त्याच फिरत्या पाण्यात राहिलेला असतो, त्यामुळे नवशिक्याच्या वेगळ्या टाकीतून त्यालाही सूट मिळत नाही.